भाजीवालीला मिशी: इंटरमिजिएटला बसणाऱ्यांसाठी

इंटरमिजिएट ही शाळकरी मुलांची सरकारी चित्रकला परीक्षा. तिच्या स्मरणचित्राच्या, म्हणजे समोर काही न ठेवता आठवून काढायच्या चित्राच्या पेपरात मी एका भाजीवालीला मिशी काढली होती. गंमत म्हणून नाही, नाइलाज म्हणून. हे सगळं लिहायला बसले ते तेवढ्यासाठीच. दरवर्षी जून-जुलै आला की गल्लीतल्या, नात्यातल्या आया विचारतात, "आमच्या हिला ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवू का? आणि क्लास कुठला लावू?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, बसवा. दुसऱ्याचं जरा लांब आहे.

मी नाशिकच्या पंचवटीतली, मनपाच्या माध्यमिक शाळेत शिकलेली. वडील सातपूरला कंपनीत. घरात चित्रकलेचा संबंध दिवाळीतल्या रांगोळीपुरता. आठवीत आमच्या वर्गावर दोन गोष्टी एकदम येऊन पडल्या: एलिमेंटरी, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीची ड्रॉइंगची परीक्षा, आणि एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा. एनएमएमएसचा जादा तास शाळा सुटल्यावर, ड्रॉइंगचाही तेव्हाच. गणिताचे सर म्हणायचे, चित्रं काढून पोट भरतं का. ड्रॉइंगचे सर काहीच म्हणायचे नाहीत, नुसते वर्गाच्या दाराशी उभे राहायचे. मी तीन दिवस इकडे, तीन दिवस तिकडे केलं. आजही कुणी विचारलं तर दोन्ही द्या असंच सांगते. एनएमएमएस ही शासकीय आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच असलेली शिष्यवृत्ती आहे. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये हे आमच्यासारख्या घरात थोडे नाहीत. बुद्धिमत्तेचे ९० आणि शालेय विषयांचे ९० प्रश्न, त्यातलं निम्मं तर सरावानेच जमतं. फक्त एक लक्षात असू द्या, पास होणं वेगळं आणि निवड यादीत नाव लागणं वेगळं. मी पास झाले होते. आईने पेढे वाटले. यादीत मी नव्हते. पेढे परत मागता येत नाहीत.

असो. मूळ गोष्ट ड्रॉइंगची.

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांची माहिती शाळेच्या फळ्यावर लागलेली असते, ती मी पुन्हा देत नाही. चार पेपर, दोन दिवस, आधी एलिमेंटरी मग इंटरमिजिएट, एवढं तुम्हाला माहीत आहेच. मला अडकवलं ते स्मरणचित्राने. आणि अडकवलं म्हणजे पहिल्या वेळी नाही. पहिल्या वेळी त्याने मला डोक्यावर घेतलं, खरी फसगत तिथेच झाली.

एलिमेंटरीच्या आधी आईने मला एका खासगी क्लासला घातलं. नाव घेत नाही, त्यांचा धंदा त्यांना लखलाभ. एका फ्लॅटच्या हॉलमध्ये चाळीसेक मुलं मांडीला मांडी लावून बसायची. सरांनी पहिल्याच आठवड्यात चार चित्रं दिली: बाजार, बसस्टॉप, शेतातली कामं, गणपतीची मिरवणूक. "ही चार हातात बसवा, पाचवं येतच नाही." मग आम्ही ती चार बसवली. डावीकडे झाड, मागे टेकडी, मधोमध डावीकडे तोंड करून उकिडवी बसलेली नऊवारीतली भाजीवाली, उजवा हात वर, हातात तराजू, पुढ्यात पाटी. शेजारी पिशवी घेतलेली गिऱ्हाईक बाई, पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय. मी ते चित्र डोळे मिटून काढू शकत होते. एलिमेंटरीला बाजारच आला. 'ए' ग्रेड.

शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना मी ते चित्र पुन्हा काढून मोठ्या तोऱ्यात दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ही बाई कोण आहे गं?"

"भाजीवाली आहे, सर."

"ते कळलं. पण कोण? कुठे बसते?"

मला वाटलं सर जळतात. क्लासच्या सरांची मुलं 'ए' आणतात, यांची 'बी'. नववीत मी शाळेतला ड्रॉइंगचा तास सोडला आणि पुन्हा त्याच क्लासला गेले. चारची आता सात चित्रं झाली होती, फी पण त्याच हिशेबाने वाढली होती.

इंटरमिजिएटचा पेपर हातात आला आणि सातपैकी एकही त्यात नव्हतं. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, रोपं लावणारी मुलं होती. किमान तीन मनुष्याकृती हव्या होत्या. दहा मिनिटं मी नुसती पेन्सिल तासली. मग डोक्यात आलं की सायकलवालाही उकिडवाच बसतो. झालं, भाजीवाली बसवली. नऊवारीचा काचा होता, त्याचं धोतर झालं. पाटीचं पाण्याचं घमेलं केलं. हातातल्या तराजूची ट्यूब केली, म्हणून तो सायकलवाला पंक्चर काढायची ट्यूब हवेत सरळ वर धरून बसला, तोलून दिल्यासारखी. आणि बाईचा पुरुष व्हावा म्हणून मिशी. शेजारची गिऱ्हाईक बाई तशीच राहिली. रंगवताना सवयीने तिच्या पिशवीत हिरव्या रंगाचे दोन फटकारे मारले गेले. सायकलच्या दुकानात कोथिंबीर.

'सी' ग्रेड आली. अक्षरलेखन आणि भूमिती बरी गेली होती म्हणून तेवढी तरी.

आता जरा सविस्तर सांगते, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं. पाठ केलेल्या चित्रात आपण माणूस शिकत नाही, रेषांचा क्रम शिकतो. दुसऱ्याची सही गिरवावी तसं. सही हुबेहूब येते, पण त्या अक्षरांनी दुसरं नाव लिहा म्हटलं की हात थांबतो. माझी भाजीवाली एकाच बाजूने दिसत होती. तिला उजवीकडे वळव म्हटलं तर मला तिचा दुसरा गुडघा कुठे जाईल ते माहीत नव्हतं. उकिडव्या बसलेल्या माणसाचं वजन टाचेवर असतं की चवड्यावर, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. मी शाळेत जाता-येता, म्हणजे दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं त्याच्यासमोरून गेले होते. तो ट्यूब घमेल्यात कशी बुडवतो, बुडबुडे बघताना मान कशी वाकडी करतो, चाक पायात कसं धरतो, यातलं पेपरात काहीही आठवलं नाही. नाव स्मरणचित्र, आणि माझ्याकडे स्मरण सोडून सगळं होतं.

आणि तपासणाऱ्यांचा विचार करा. एका क्लासची चाळीस मुलं म्हणजे गठ्ठ्यात चाळीस वेळा तेच झाड, तीच टेकडी, तीच बाई.

शाळा सोडली नव्हती, पण तास सोडला होता. सरांकडे परत जायला मला दोन महिने लागले. त्यांनी टोमणा मारला नाही. जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद शिवलेली एक वही दिली आणि निमाणीच्या बस स्टँडवर जाऊन बसायला सांगितलं. तिथे बसून काढायचं नाही, नुसतं बघायचं. एक माणूस निवडायचा, तो कुठल्या पायावर उभा आहे, पिशवी कुठल्या खांद्यावर, खांदा त्यामुळे किती उतरलाय, एवढंच. घरी येऊन रात्री जेवणानंतर काढायचं. दुसऱ्या दिवशी तिथेच जाऊन ताडून बघायचं. पहिले पंधरा दिवस माझी सगळी माणसं खांबासारखी आली. लाज वाटायची. मग हळूहळू एका माणसाच्या पायात वजन आलं. मला तो दिवस आठवतो. लासलगावच्या गाडीची वाट बघणारे एक आजोबा होते, दोन्ही हात काठीवर आणि हनुवटी हातांवर. शाळेत दाखवलं तेव्हा सरांनी या वेळी विचारलं नाही कोण आहेत म्हणून.

क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही. ज्या शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताच्या सरांना पोर्शन संपवायला मिळालेली सोय असते, तिथल्या मुलांनी करायचं काय? पण क्लासला जायच्या आधी एक बघा: तिथल्या मुलांच्या वह्या एकमेकींसारख्या दिसतात का. दिसत असतील तर तिथून निघा. मोबाइलवरच्या 'दहा मिनिटांत स्मरणचित्र' वाल्यांबद्दलही माझं हेच मत आहे, फक्त त्यांना फी नसते.

बाकीचे तीन पेपर पटकन. स्थिरचित्राला जी जागा मिळेल ती मिळेल, भांड्याची कड तुमच्या डोळ्यांच्या पातळीहून किती खाली आहे ते आधी बघा, लंबवर्तुळ तिथेच चुकतं. संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या पेपरात, रंग कमी वापरा, तीन-चार पुरतात, आणि कोपऱ्यात केलेली कारागिरी मध्यभागी विसरू नका. भूमितीत मार्क फुकट असतात असं म्हणतात, ते जवळजवळ खरं आहे. पेन्सिलीला टोक आणि कंपासाचा स्क्रू घट्ट, बस्स. प्लॅन-एलेव्हेशनला घाबरायचं कारण नाही, काडेपेटी समोर ठेवून वरून आणि समोरून बघा.

मार्कांचं मात्र नीट ऐका. दहावीला जे वाढीव गुण मिळतात ते इंटरमिजिएटचे, एलिमेंटरीचे नाहीत. 'ए' ला ७, 'बी' ला ५, 'सी' ला ३. माझे ३. ते आपोआप चिकटत नाहीत, शाळेने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवावा लागतो. तेव्हा दहावीत दिवाळीनंतर ऑफिसातल्या क्लार्क काकांच्या मागे लागा, प्रमाणपत्राची झेरॉक्स द्या, आणि त्यावरचं नाव शाळेच्या दाखल्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना ते स्वतः वाचा. इंटरमिजिएट नववीतच उरका. माझ्या एक वर्ष मागे असलेल्या मुलींनी दहावीसाठी ठेवली होती आणि २०२० मध्ये कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही. आमच्या दहावीला तर भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, तेव्हा कुठल्या परीक्षेचा काय भरवसा.

ज्यांना गाणं किंवा तबला येतो त्यांनी ड्रॉइंगच्या ७ गुणांमागे उगाच धावू नये. शास्त्रीय संगीत-नृत्याच्या तीन परीक्षा झाल्या असतील तर १० आणि पाच झाल्या असतील तर १५ गुण आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत प्रवेशिका पूर्ण ही तिसरी, मध्यमा पूर्ण ही पाचवी. म्हणजे सुरुवात पाचवी-सहावीतच हवी, नववीत जाग येऊन उपयोग नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम काढलेलं गाव आपलं, तरी आपल्याकडे मुलाला तबल्याला घालतात ते "हात शांत राहतील" म्हणून.

'सी' आली म्हणून रडणाऱ्यांसाठी: मीही रडले. नंतर बारावी करून बीएफएची, म्हणजे चित्रकलेच्या पदवीची, सीईटी ही प्रवेश परीक्षा दिली, तेव्हा पेपर कोणते होते? डिझाइन, ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग आणि सामान्य ज्ञान. पुन्हा तेच स्मरणचित्र समोर. इंटरमिजिएटची ग्रेड तिथे कुणी विचारली नाही, पण निमाणीवरचे आजोबा कामाला आले, त्यांना मी एका दवाखान्याच्या बाकावर बसवलं. हे पण पाठ केलेलंच झालं ना, असं एका मैत्रिणीने मला टोचलं होतं. नाही. आजोबांना मी वळवू शकत होते. काठी काढून घेतली, हात गुडघ्यांवर ठेवले, मान दाराकडे फिरवली, तरी ते आजोबाच राहिले. आता चौथ्या वर्षाला आहे आणि अजूनही गर्दी काढताना कुठेतरी मागे ती तराजूवाली बाई डोकावते. हाताची खोड आहे, जाता जात नाही.

सुट्टीत गल्लीतल्या दोन-तीन मुलींना घेऊन मी गोदाघाटावर बुधवारच्या बाजाराला जाते. तुम्हीही जा. दुतोंड्या मारुतीपाशी सगळेच बसतात आणि सगळेच मारुती काढतात, तो मोह टाळा, मारुती हलत नाही. दुपारी चारनंतर जा, बाजार भरात असतो. रंग नेऊ नका, पेन्सिल पुरे. समोरच्या मावशींना आधी विचारा, "तुम्हाला चित्रात घेऊ का?" बहुतेक जणी "घे की" म्हणतात, पदर सारखा करतात आणि फोटोला बसल्यासारख्या ताठ होतात. तेव्हा काढू नका. वही मांडीवर ठेवून मेथीचा भाव विचारा, इकडेतिकडे बघा. एखादं गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की त्या तुम्हाला विसरतात, पुढे झुकतात, एक गुडघा खाली टेकवतात. मग पेन्सिल उचला.