दुसरी नोकरी हातात नसताना राजीनामा टाकायचा का?

आधी भाडं, ईएमआय, किराणा, मुलांची फी, गावी पाठवायचे पैसे असा महिन्याचा खरा खर्च काढा, सहा महिने निघतील एवढे पैसे बाजूला नसतील तर नोकरीत राहूनच शोधा. नोटिस पिरियड बघा, आयटीत बऱ्याच ठिकाणी 90 दिवसांचा असतो, म्हणजे राजीनाम्यानंतरही इंटरव्ह्यूला वेळ मिळतो. या कंपनीत पाच वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे पाच वर्षांनंतर नोकरी सोडताना कंपनी देते त्या एकरकमी पैशांसाठी, थोडी कळ काढा. कंपनीचा मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबरच संपतो, आईवडिलांची औषधं चालू असतील तर स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, जुन्या आजारांना वेटिंग पिरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर काही काळ त्यांचा क्लेम मिळत नाही. पण तब्येतच ढासळत असेल, रात्र रात्र झोप नसेल तर डॉक्टरला दाखवा, सुट्टी मागा, नाहीच दिली तर खुशाल सोडा.