इंदूरचा उन्हाळा आणि कुंडीतली काळी माती

रत्नागिरीची मावशी फोनवर सांगते, "झाडांच्या मुळाशी राख घाल, बघ कशी तरारतात." तिच्याकडे ते बरोबरच आहे. कोकणातली तांबडी माती आम्लधर्मी असते, राखेने ती सुधारते. आपली माळव्याची काळी माती मुळातच अल्कधर्मी, बऱ्याच ठिकाणी चुनखडीची. तिच्यात राख किंवा चुना घातला की लोह आणखी अडकून बसतं, मुळांना मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. म्हणून कोणाचाही सल्ला ऐकण्याआधी आपली माती कुठली ते बघा.

माती तपासा. चमचाभर सुकी माती बशीत घेऊन वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. मग ओली माती चिमटीत दाबत पट्टी काढा. लांब, गुळगुळीत पट्टी न तुटता निघाली तर चिकणमाती जास्त आहे.

पाणी कुठे जातं ते बघा. उन्हाळ्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे असतं. काळी माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. आकसली की माती आणि कुंडीची कड यांच्यात फट पडते. वरून तांब्याभर पाणी घाला, ते फटीतून सरळ खालच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं झाड तृप्त झालं, आणि आतला गोळा कोरडाच. अशी कुंडी पाण्याने भरलेल्या टबात ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतर फटी मातीने बुजवा.

मिश्रण बदला. एक भाग काळी माती, एक भाग मुरलेलं खत आणि एक भाग भरड वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा). वाळू मूठभर घालून काही होत नाही. थोडी वाळू आणि भरपूर चिकणमाती मिळून वीटच तयार होते. जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचं खनिज, हेही लोक सर्रास सुचवतात, पण ते सोडियम वाढलेल्या जमिनीसाठी. चुनखडीच्या मातीत कॅल्शियम आधीच भरपूर, तिथे पैसे वाया.

खतासाठी तर बाहेर बघायलाच नको. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या शेतीशास्त्रज्ञांनी इथेच, इंदूरला १९२४ साली सुरू झालेल्या शेती संशोधन संस्थेत, कचऱ्यापासून खत करण्याची पद्धत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. घरी करायची तर सुका पाला, भाजीची सालं, शेण आणि थोडी माती यांचे थर लावा. मावशीची राख इथे चिमूटभर चालेल. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवा आणि मधूनमधून उलटा, कारण हवा मिळाली नाही की तो कुजून वास मारतो. साधारण तीन महिन्यांत खत तयार.

पिवळेपणा ओळखा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून संध्याकाळी पानांवर फवारा. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर नत्र कमी, खत द्या. दुपारी मान टाकून संध्याकाळी उभं राहणारं झाड आजारी नसतं. बोट मातीत घालून बघा, आत ओल असेल तर पाणी घालू नका. कुंडीच्या कडेला पांढरी खपली दिसली तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठलेत. वरची इंचभर माती काढा, एकदा भरपूर पाणी घालून क्षार धुवून काढा आणि पुढे शक्यतो नळाला येणारं नर्मदेचं पाणी वापरा.

सावली आणि आच्छादन. पारा चाळिशीपार गेला की पश्चिमेकडून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. गव्हाचा भुसा तर या दिवसांत सहज मिळतो. त्याचा दोन-तीन इंच थर मातीवर पसरा, पण खोडापासून चार बोटं दूर, नाहीतर वाळवी लागते. पाणी सकाळी लवकर द्या.

काय लावावं. भेंडी, गवार, चवळी, गिलकी, राजगिरा ही ऊन सोसणारी मंडळी. टोमॅटोची फुलं या उन्हात गळणारच. परागच नीट तयार होत नाहीत. त्यावर खताचा मारा करू नका, झाड फक्त जगवा.

मृग लागायच्या आत प्रत्येक कुंडीचं भोक काडीने मोकळं करा आणि खालच्या ताटल्या काढून टाका. उन्हाळ्यात तडकलेली हीच माती पावसात पाणी धरून बसते आणि मुळं सडवते.