रिडबर्ग अणू करंटवर पकडताना: चॉपर लाल किरणावर लावा

व्हेपर सेल (धातूची वाफ भरलेली काचेची बंद कुपी) मधले रिडबर्ग अणू, म्हणजे बाहेरचा इलेक्ट्रॉन फार वरच्या पातळीवर चढवलेले अणू, बहुतेक जण फोटोडायोडने पाहतात. सेलच्या आत इलेक्ट्रोड असतील तर थेट करंट मोजता येतो. ७८० नॅनोमीटरचा लाल लेसर आणि समोरून सुमारे ४८२ नॅनोमीटरचा निळा, एवढ्यावर रुबिडियम ३०डी या रिडबर्ग अवस्थेत पोचतो. पुढे टकरांमुळेच त्याचं आयनीभवन होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतो आणि करंट मिळतो. नुसत्या फील्डने ते करायचं तर दर सेंटीमीटरला ४०० ते ५०० व्होल्ट लागतील. म्हणून ५ मिलिमीटर अंतरावरच्या प्लेटांना (इलेक्ट्रोडना) १ व्होल्टपासून सुरुवात करा. जास्त दिलंत तर वर्णपटातली रेषा सरकते, पसरते. इलेक्ट्रोड काचेबाहेर चिकटवून भागत नाही, भिंतीवर साठलेला चार्ज डीसी फील्ड झाकून टाकतो.

नाशिकला डिसेंबरच्या पहाटे खोली १० अंशांवर येते, मेच्या दुपारी ४० वर जाते. दर १० अंशांना बाष्पाची घनता साधारण अडीचपट होते, त्यामुळे हीटर हवाच. रुबिडियम असलेलं टोक ४५ अंशांवर आणि बाकी सेल ५५ वर ठेवा. उलट झालं तर प्लेटांमधल्या काचेवर धातूचा थर बसतो आणि गळती सुरू होते. मग टोक थंड ठेवून बाकी सेल रात्रभर ८० अंशांवर तापवा.

करंट मोजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला १ गिगाओहमचा फीडबॅक रेझिस्टर लावा: १ पिकोअँपिअरला १ मिलिव्होल्ट मिळतो. अ‍ॅम्प्लिफायर सेलला खेटून, अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत बसवा. असं खोकं नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये करून घेता येतं. केबलला बोटाने टिचकी मारून पाहा. रीडिंग उडालं तर केबल घट्ट बांधा. लेसर बंद असताना ५ व्होल्टला ५ पिकोअँपिअरपेक्षा जास्त करंट दिसला, तर फीडथ्रूची (तारा सेलबाहेर येतात तिथली) काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकवा. पावसाळ्यात डबीत सिलिका जेल ठेवाच.

खरी फसगत निळ्या प्रकाशाने होते. रुबिडियम बसलेल्या प्लेटमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे २.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात. निळ्या फोटॉनमध्ये २.५७ असतात, लालमध्ये फक्त १.५९. निळा किरण प्लेटच्या कडेला जरा घासला तरी करंट येतो, अणू असोत वा नसोत. चॉपर (किरण ठरावीक तालात तोडणारी फिरती चकती) निळ्यावर लावलात तर हा खोटा करंटही त्याच तालात येतो आणि लॉक-इन (त्या तालातलाच सिग्नल वेचणारा अ‍ॅम्प्लिफायर) त्याला खरा मानतो. लाल किरण ८३ हर्ट्झवर तोडा, म्हणजे ५० हर्ट्झचा गुणगुणाटही टळतो. दोन्ही रंगांचे लेसर-चष्मे घालून निळा लेसर स्कॅन करा. शिखर दिसलं की लाल झाका: लॉक-इन शून्यावर यायलाच हवा. आला नाही तर आधी ग्राउंड तपासा.