हातात मावणारा गोल घुमट: लेगोच्या ६८ तुकड्यांत सूक्ष्म मॉडेल कसे करावे

लेगोत मोठे मॉडेल करायला ठोकळे भरपूर लागतात, छोट्या मॉडेलला डोके जास्त लागते. ताजमहालाचा लेगो संच २००८ साली ५,९२२ तुकड्यांचा निघाला. २०२१ साली त्याच इमारतीचा दुसरा संच २,०२२ तुकड्यांत आला. वास्तू तीच, फक्त काय दाखवायचे आणि काय गाळायचे याची निवड बदलली. सूक्ष्म मॉडेलमध्ये ही निवड आणखी कठोर होते, कारण इथे एका तुकड्याला अख्ख्या मजल्याचे काम करावे लागते.

इथे विजापूरचा गोल घुमट घेतला आहे. मोहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ साली पुरी झाली. आकार सोपा आहे: चौरस इमारत, चार कोपऱ्यांना सात मजली अष्टकोनी मनोरे आणि वर अवाढव्य घुमट.

आधी घुमट, मग प्रमाण

नवखा माणूस हाताशी असलेल्या बेसप्लेटवरून (तळाच्या पाटीवरून) प्रमाण ठरवतो. भिंती छान उभ्या राहतात आणि शेवटी कळते की त्या मापाचा घुमटच मिळत नाही. सरळ भिंत कोणत्याही मापात करता येते, गोल तुकडे मात्र ठरावीक मापांतच येतात. म्हणून सर्वांत अवघड भाग आधी हातात घ्यायचा आणि बाकीची इमारत त्याच्या मापाने आखायची.

त्यासाठी चार मापे पाठ हवीत. एका स्टडच्या (ठोकळ्यावरच्या बटणाच्या) मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत ८ मिमी. ठोकळ्याची उंची स्टड सोडून ९.६ मिमी. प्लेटची (पातळ, चपट्या तुकड्याची) उंची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेट मिळून एक ठोकळा. आणि पाच प्लेटची उंची १६ मिमी, म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी. या चौथ्या मापामुळेच आडवे बसवलेले तुकडे उभ्या तुकड्यांशी जुळतात.

आता गणित. खऱ्या घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. सहज मिळणारी गोल प्लेट आणि डिश (उलट्या बशीसारखा तुकडा) चार स्टडची, म्हणजे ३२ मिमीची. ४४ मीटरला ३२ मिमीने भागले की प्रमाण येते १:१३७५. या प्रमाणात एक स्टड म्हणजे ११ मीटर आणि एक प्लेट म्हणजे ४.४ मीटर. इमारतीची बाजू सुमारे ४७.५ मीटर, ती होते ३४.५ मिमी. चार स्टडला हे थोडे जास्त आहे, त्याचा उपाय पुढे येतो. एकूण उंची सुमारे ५१ मीटर, म्हणजे ३७ मिमी, साडेअकरा प्लेटच्या आसपास.

त्यातल्या पाच प्लेट अर्धगोल घुमटाला दिल्या की भिंतीला जवळपास सात उरतात. मनोऱ्यांचे मजलेही सातच! म्हणजे १×१ ची (एक स्टड लांब, एक स्टड रुंद) एक गोल प्लेट बरोबर एक मजला होते. असा योग रोज जुळत नाही, जुळला की सोडायचा नाही.

मोठे करायचे असेल तर १:५०० घेता येते. तेव्हा इमारत १२ स्टड रुंद होते आणि एक प्लेट म्हणजे १.६ मीटर, साधारण माणसाची उंची. पण घुमट ११ स्टडचा लागतो आणि तो चारी बाजूंनी आडव्या प्लेट लावून घडवावा लागतो. पहिल्या मॉडेलला तो उद्योग नको.

सामान

- ८×८ प्लेट १, ६×६ प्लेट १, ४×४ प्लेट १
- १×६ टाइल (वर स्टड नसलेला सपाट तुकडा) ४ आणि १×१ टाइल ४ (हिरव्या)
- १×४ टाइल ८
- १×१ ठोकळे ८
- १×२ ठोकळे ४ (काळे)
- एका अंगाला दोन स्टड असलेले १×२ ठोकळे ४
- २×२ ठोकळे २ (आत दडतात, रंग कोणताही)
- १×१ गोल प्लेट २८
- ४×४ गोल प्लेट २
- ४×४ डिश १

भिंती आणि मनोरे गडद करडे, घुमट फिकट करडा ठेवा. कमानींचा काळा आणि आवाराचा हिरवा सोडला तर या दोनच छटा पुरेत. एवढ्याशा मॉडेलमध्ये आणखी रंग आला की नजर आकाराऐवजी रंगावर जाते. १×१ गोल प्लेट चार-पाच जास्त घ्या, त्या हमखास पलंगाखाली जातात.

जोडणी

१. ८×८ प्लेटच्या मधोमध ६×६ प्लेट बसवा, हा चौथरा. भोवती एका स्टडची कड उरेल. प्रत्येक बाजूला १×६ ची हिरवी टाइल आणि कोपऱ्यात १×१ ची. हे झाले आवार, चौथऱ्याच्या पातळीला.

२. ६×६ च्या मधला ४×४ भाग इमारतीचा आणि चार कोपरे मनोऱ्यांचे. दोन मनोऱ्यांमध्ये जी चार स्टडची पट्टी राहते तिच्यावर आत्ताच १×४ टाइल लावा, चारी बाजूंना. भिंती उभ्या राहिल्यावर तिथे बोट जात नाही.

३. भिंतीचा खालचा थर: चार कोपऱ्यांत १×१ ठोकळे, प्रत्येक बाजूच्या मध्ये काळा १×२ आणि आतल्या पोकळीत २×२. काळा ठोकळा म्हणजे दर्शनी कमान. मूळ इमारतीत प्रत्येक बाजूला तीन कमानी आहेत, पण चार स्टडच्या भिंतीला मधला स्टड नसतो, त्यामुळे तीन कमानी सारख्या बसवता येत नाहीत. सम रुंदीच्या भिंतीत विषम खिडक्या हा सूक्ष्म मॉडेलमधला नेहमीचा पेच आहे. अर्धा स्टड सरकवणारी जम्पर प्लेट त्यावर चालते, पण इथे तिला जागा नाही. म्हणून एकच मोठी कमान. चार फुटांवरून ती शोभते.

४. वरचा थर: कोपऱ्यांत पुन्हा १×१, मध्ये अंगाला स्टड असलेले १×२ (स्टड बाहेर), आत दुसरा २×२. या बाहेरच्या स्टडांवर प्रत्येक बाजूला एक १×४ टाइल आडवी दाबा. टाइल दोनच स्टडांवर टेकते आणि दोन्हीकडे एकेक स्टड पुढे जाते. हाच पुढे आलेला सज्जा. मघाचा रुंदीचा उपायही हाच: टाइलची जाडी दोन्ही बाजूंना मिळून ६.४ मिमी वाढवते. खालची भिंत ३२ मिमी, वरचा पट्टा ३८.४, आणि हवे होते ३४.५. डोळा दोहोंचा मेळ घालतो. खरा सज्जा एवढा उंच नाही, पण त्याची सावली दिसायला हवी असेल तर एवढी अतिशयोक्ती करावीच लागते.

५. वरून ४×४ प्लेट दाबा. ही नुसते छत नाही. दोन्ही थरांचे सांधे एकावर एक आले आहेत, त्यामुळे भिंतीला एरवी बांधणी नाही. चौथरा आणि ही प्लेट मिळून तिला धरतात. ती चारी कोपऱ्यांना पूर्ण बसली आहे ना, हे आडवे धरून बघा.

६. मनोरे बाहेरच रचा: सात गोल प्लेट, असे चार. टेबलावर उभे करून वरून दाबा आणि चारही शेजारी ठेवून उंची ताडा, मगच कोपऱ्यांत बसवा. वरच्या प्लेटचा उघडा स्टड हीच मनोऱ्याची घुमटी. त्याच्यावर टाइल लावू नका. स्टड झाकायचे की दाखवायचे याचा नियम एवढाच: तो इमारतीचा काही भाग वाटत असेल तर ठेवा.

७. छतावर दोन ४×४ गोल प्लेट आणि त्यांच्या मधल्या स्टडांवर डिश. आता चौथऱ्यापासून घुमटाच्या टोकापर्यंत पट्टी लावा. ३७ मिमीच्या आसपास हवे. घुमट बसका वाटला तर आणखी एक गोल प्लेट घाला. छताच्या कोपऱ्यांतले चार स्टड बाहेर डोकावतील, ते तसेच राहू द्या.

घुमटाच्या पायथ्याशी कमळाच्या पाकळ्यांची नक्षी आहे, ती आपण गाळली आहे. या मापात पाकळी दाखवायला तुकडाच नाही, आणि ओढूनताणून काही लावले तर घुमटाचा गोलवा जातो.

कुठे बिघडते

अंगाला स्टड असलेला १×२ मिळाला नाही की बरेच जण हेडलाइट ब्रिकची (एका बाजूला स्टड असलेल्या १×१ ठोकळ्याची) जोडी लावतात. तिथे टाइल बसत नाही. हेडलाइट ब्रिकचा बाजूचा स्टड खोबणीत, आत सरकलेला असतो, त्यामुळे लांब टाइलची टोके शेजारच्या कोपऱ्याच्या ठोकळ्यांवर अडतात. जोर लावला तर ठोकळाच जागचा हलतो. चारी अंगांना स्टड असलेला १×१ भिंतीत घातला तर तेच: त्याचे स्टड शेजाऱ्यांत घुसतात.

मनोरा कलला तर दोष बहुधा मिसळलेल्या तुकड्यांचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लेटमध्ये केसाएवढा फरक असतो. एका प्लेटमध्ये तो जाणवत नाही, साताच्या रचनेत दिसतो. एका मनोऱ्यात एकाच कंपनीचे तुकडे वापरा. एवढे करूनही तिरपा राहिला तर प्लेट एकेक करून जागच्या जागी फिरवून पाहा.

तुकडे मागवण्यापूर्वी ब्रिकलिंकच्या स्टुडिओ या मोफत संगणक प्रणालीत मॉडेल रचून बघणे केव्हाही चांगले. कोणता तुकडा कोणात घुसतो ते ती दाखवते आणि सामानाची यादीही काढून देते. फक्त एक ध्यानात ठेवा: पडद्यावर सुटे तुकडे हवेतही तरंगतात, म्हणून प्रत्येक तुकडा कशावर टेकला आहे ते स्वतः तपासा.

टाइल काढायला दात किंवा सुरी नको, ब्रिक सेपरेटरची (तुकडे सुटे करायच्या अवजाराची) पातळ कड वापरा. गोंद लावू नका, पुढच्या मॉडेलला हेच तुकडे लागतात. उन्हात ठेवलेले फिकट करडे तुकडे पिवळट पडतात, म्हणून खिडकीची जागा टाळा. धूळ रंगकामाच्या मऊ कुंचल्याने झटका. धुवायचेच असेल तर मॉडेल सुटे करून ४० अंशांपेक्षा कमी कोमट पाण्यात धुवा आणि पंख्याखाली वाळवा. ड्रायरच्या गरम हवेने डिशसारखे पातळ तुकडे वाकतात.