मेळघाटात सीएचओ म्हणून नवीन लागताय? आधी जेवा, मग पोर्टल उघडा

या वर्षी सीएचओ, म्हणजे उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणून नवीन लागलेल्या दोनतीन पोरींनी विचारलं, ताई एवढं टेन्शन कसं झेलता, म्हणून लिहितेय. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे माझं उत्तर प्रभूवरच्या विश्वासातूनच येईल, पण कामाचं आधी सांगते.

सहा महिन्यांचा कोर्स झाला की उपकेंद्र मिळते. आदिवासी भागात एका उपकेंद्राला ३००० लोकसंख्या धरतात, सपाट भागात ५०००. ऐकायला कमी वाटते, पण गावं डोंगरात विखुरलेली असतात. ओपीडी, बीपी-शुगरचं स्क्रीनिंग, गरोदर बाया, लसीकरण, ई-संजीवनीचे (डॉक्टरला ऑनलाइन दाखवायचे) कॉल, आणि या सगळ्याची सरकारी पोर्टलवर एंट्री, जिच्यासाठी रेंज शोधत टेकडीवर जावं लागते. इन्सेंटिव्ह इंडिकेटरवर, म्हणजे कामाच्या ठरलेल्या आकड्यांवर, असतो, म्हणजे एंट्री राहिली की फटका आपल्याच खिशाला.

माझं दुसरं वर्ष, मार्च महिना. एक बाई लेकरू घेऊन आली, दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली तर लाल, ११.५ सेंमीच्या खाली, म्हणजे तीव्र कुपोषण. एनआरसीला, म्हणजे कुपोषित लेकरांच्या उपचार केंद्रात, १४ दिवस राहावं लागते म्हटलं तर ती नाहीच म्हणे, घरी अजून दोन लेकरं, त्यांना कोण पाहीन. तिकडे वरून साहेबांचे रिपोर्टसाठी फोनवर फोन. मी तिच्यावर ओरडले, अक्षरशः ओरडले. ती काहीच बोलली नाही, पदराखाली लेकरू झाकलं आन् निघून गेली. मग माझे हात असे थरथरायले लागले की रजिस्टरवर पेन टिकेना, छातीत धडधड, डब्यातली भाकर सकाळपासून तशीच.

प्रार्थना तर मी रोज करत होते, प्रभू शक्ती दे, अजून शक्ती दे. मला वाटते तिथंच माझं चुकत होतं. त्या रात्री परतवाड्याला आजीला फोन लावला आन् नुसती रडले. ती म्हणे, "जेवली काय? आधी जेव, मंग बोल. एलीयाले देवानं पयले काय देल्लं, सांग बरं?"

बायबलमधलं १ राजे १९ मी लहानपणापासून ऐकलेलं. एलीया एवढा मोठा संदेष्टा, पण थकून रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला आता पुरे, मला मरण दे. देवानं त्याला ना रागावलं ना लगेच दुसरं काम सांगितलं. झोपू दिलं, देवदूतानं उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खाऊ घातलं. बोलणं त्याच्या नंतर. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. जेवले, झोपले, एंट्री तशीच राहिली.

सकाळी आशाताईला घेऊन त्या बाईच्या घरी गेले, माफी मागितली. तिच्या सासूशी आशाताई कोरकूत बोलली, दोन लेकरं सासूनं ठेवून घेतली, दुपारी एनआरसीला न्यायला १०२ ची अँब्युलन्स आली. ओरडून जे झालं नाही ते ओट्यावर अर्धा तास बसून झालं.

तेव्हापासून दुपारचं जेवण मी सोडत नाही, कोणाचाही फोन येऊ दे. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करत बसतो तेव्हा सासरा इथ्रो त्याला सांगतो की तू थकून जाशील, माणसं नेम, काम वाटून दे. ते वाचून मी उपकेंद्राच्या नर्स सिस्टरसोबत बसून गावं वाटून घेतली, आणि जे होत नाही ते साहेबांना लेखी कळवायला लागले. रात्री एका वहीत त्या दिवसाच्या काळजीच्या पेशंटची नावं लिहिते, एकेक नाव घेऊन देवबापाच्या हातात देते आणि वही मिटते. त्यानंतर पोर्टल उघडत नाही.

एक मात्र पाळा, ड्युटीवर धर्म सांगू नका. कोरकू लोकांचे आपले देव आहेत, आणि आजारी माणूस आपल्या भरवशावर आलेला असतो. माझी प्रार्थना माझ्या खोलीत.

चर्चच्या मंडळीतल्या एकदोघांनी मला म्हटलं होतं की विश्वास कमी पडतोय म्हणून असं होते. ते मनावर घेऊ नका, आधीच खचलेल्या माणसाला ते फार लागते. झोप येत नसेल, जगावंसं वाटत नसेल तर डॉक्टरला दाखवा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलता येते, मी स्वतः दोनदा लावलाय. आणि महिन्यातून एक रविवार तरी उपासनेला जा, एसटीत तीन तास गेले तरी चालतील, तिथं तुम्हाला कोणी टार्गेट विचारत नाही.