शाळेत विणकामाचा क्लब काढायचाय? ऊसतोडीच्या पोरांच्या कानटोप्यांपासून सुरुवात करा

शाळेत विणकामाचा क्लब काढायचा म्हटलं की लोक आधी लोकर आणतात, मग यूट्यूब बघतात आणि डिसेंबर उजाडला की विचार करायला लागतात की आता हे द्यायचं कुणाला. तसं करू नका. आधी घेणारा ठरवा, मग वस्तू, मग लोकर, सुया सगळ्यात शेवटी. मुंबईच्या उकाड्यात कुठल्या संस्थेला वीस मफलर नेऊन दिले तर ते लोक तोंडावर थँक्यू म्हणतील आणि मफलर कपाटात जातील, आणि पोरांनी दोन-तीन महिने बसून केलेलं काम असं वाया गेलेलं मला तरी बघवत नाही.

मी इथे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कानटोप्या हे उदाहरण धरून सांगतेय. दिवाळीच्या आसपास बीडकडची आणि मराठवाड्यातली बरीच कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर भागात तोडीला येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत फडाजवळ, म्हणजे तोडीच्या उसाच्या शेताजवळ, कोप्या (पाचटाच्या झोपड्या) टाकून राहतात. थंडीचे सगळे महिने त्यातच येतात, तोड पहाटे अंधारात सुरू होते आणि लहान पोरं बरोबर नेली जातात किंवा कोपीतच राहतात. कान झाकणारी टोपी तिथे पहिल्या दिवसापासून वापरात येते. तुमच्या भागात ऊस नसेल तर वृद्धाश्रम, आश्रमशाळा, सरकारी दवाखाना, जे जवळ असेल ते धरा, पायऱ्या त्याच राहतील.

१. जूनमध्येच जाऊन विचारा

कारखान्याच्या शेतकी खात्यात जा, तिथला चिटबॉय (तोडीच्या चिठ्ठ्या देणारा) किंवा गटाचा माणूस सांगतो की मागच्या हंगामात कुठे किती कोप्या होत्या. गावातल्या अंगणवाडी ताई आणि आशा ताई यांना तर त्याहून जास्त माहिती असते, कुठल्या वयाची किती पोरं असतात ते त्या तोंडपाठ सांगतात. एक लक्षात ठेवा, तिकडे मोजणी कोयत्यावर होते, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे कुणी 'तीस कोयते आहेत' म्हटलं तर ती पोरांची संख्या नाही, ती वेगळी विचारायची.

मिळालेल्या आकड्यात थोडे जास्तीचे धरा. कारण टोप्या कमी पडल्या तर एका भावाला मिळते आणि दुसऱ्याला नाही, आणि हे न देण्यापेक्षा वाईट. आकडा झेपत नसेल तर सगळ्या कारखान्याच्या मागे लागू नका, एकच तळ घ्या पण तिथलं एकही पोर सोडू नका.

२. मुख्याध्यापकांना पटवा

वेगळा तास मागितला की नाही म्हणतात. कार्यानुभवाचा तास मागा, तो वेळापत्रकात असतोच आणि बऱ्याच ठिकाणी त्यात गणित शिकवलं जातं. हाताने वस्तू करत शिकायचं ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही, गांधीजींनी १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम मांडली ती याच पायावर, हे एक वाक्य अर्जात टाकलं तर कामाला येतं. आठवड्याला दोन तास मिळाले तर भागतं, एकच मिळाला तर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास जोडून घ्या.

पाचवीच्या खालची मुलं सुयांवर घेऊ नका असं माझं मत आहे, घेतली तरी चालतात पण मग तुमचा सगळा वेळ सुटलेले टाके उचलण्यातच जातो. त्यांना लोकरीचे गुंडे करायला, मोजायला, रंग लावायला बसवा. आणि सुरुवातीला चार-पाच मुलांमागे एक जाणतं माणूस हवंच. ते कुठून आणायचं? पोरांच्या आज्ज्या! वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कुणाच्या आजीला विणता येतं' एवढंच विचारा.

मुलगे येत नाहीत अशी तक्रार असते. येतात, फक्त नोटीस लिहिताना 'मुलींसाठी' हा शब्द आपणच घातलेला असतो तो काढा. तरी कुणी चिडवलंच तर त्यांना सांगा की पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणायचं काम पुरुषांचं आहे, मुलगे लहानपणीच शिकतात आणि तिथली विणकामाची कला युनेस्कोच्या वारसा यादीत आहे.

३. लोकर आणि सुया

नव्या हातांना जाड लोकर आणि जाड सुया द्या. ६ नंबरची सुई म्हणजे ५ मिलीमीटर, ती बरोबर पडते. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर उलटे चालतात हे पालकांना आधीच सांगून ठेवा, नंबर मोठा तशी सुई बारीक, म्हणजे १० नंबर ३.२५ मिलीमीटरची असते, आणि दरवर्षी कुणीतरी 'मोठा नंबर चांगला' म्हणून बारा नंबर घेऊन येतंच. अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांवरून टाके घसरतात, बांबूच्या मिळाल्या तर बघा. जाड लोकर नाही मिळाली तर साध्या लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणायचं, काही फरक पडत नाही.

लोकर अ‍ॅक्रिलिकचीच घ्या. शुद्ध लोकर ऐकायला भारी वाटते पण ती टोचते, गरम पाण्यात आटते आणि कसरही लागते. कोपीवर कपडे कॅनॉलला नेऊन साबण लावून घासूनच धुतले जाणार, तिथे अ‍ॅक्रिलिक टिकतं. त्याचा एक तोटा आहे, ते आगीजवळ वितळतं, त्यामुळे चुलीपाशी लोंबतील असे गोंडे, झालरी, लांब नाड्या ठेवायच्या नाहीत. नाड्या लहान मुलांच्या गळ्यात अडकतात तोही धोका आहेच, मणी आणि बटणं तोंडात जातात, आणि केसाळ फरवाली लोकर तर अजिबात नको. रंग गडद घ्या, फडात पांढरी टोपी दोन दिवस टिकणार नाही.

घरोघरी ट्रंकेत पडलेली जुनी लोकर मागवली तर पुष्कळ येते, पण घेताना धागा दोन्ही हातांनी ताणून बघा, तुटला तर परत द्या. जाडी वेगळी असलेले धागे एका टोपीत घालू नका. एका टोपीला अंदाजे ५० ते ६० ग्रॅम लोकर लागते, त्या हिशोबाने घाऊक घ्या.

४. पहिले तीन-चार आठवडे फक्त सुलट

टाके घालायचं, म्हणजे सुईवर पहिली ओळ चढवायचं, काम सुरुवातीला मोठ्यांनी करायचं. वीस टाके घालून पोरांच्या हातात द्या, नुसतं सुलट विणू द्या, उलट टाका या वर्षी शिकवूच नका, लागत नाही. सुलट टाक्याचे चार भाग असतात आणि ते म्हणत म्हणत विणलं की हात लवकर बसतो: शिरली, फिरली, निघाली, सुटली. सुई टाक्यात शिरली, लोकर सुईभोवती फिरली, नवा टाका घेऊन सुई बाहेर निघाली, जुना टाका सुटला तेव्हा पोरं 'सुटली' असंच ओरडतात, ओरडू द्या.

आता अडचणी. सगळ्यात जास्त येणारी म्हणजे वीस टाक्यांचे चोवीस होतात, आणि मुलांना वाटतं छान, वाढतंय. हे ओळीच्या सुरुवातीला होतं. लोकर सुईच्या वरून मागे ओढली गेली की पहिला टाका ताणून दोन दिसायला लागतो आणि मूल दोन्ही विणतं. ओळ सुरू करायच्या आधी लोकर खाली ओढून घ्यायची सवय लावा आणि दर चार ओळींनी टाके मोजून वहीत लिहायला सांगा. वहीत आकडा बदलला की तिथेच थांबायचं, वीस ओळी पुढे जाऊन उसवताना रडारड होते.

दुसरी म्हणजे घट्ट विणणं. ज्या पोरांची सुई टाक्यात शिरतच नाही त्यांना ओरडून उपयोग नसतो, ती भीतीने लोकर आवळतात, एक नंबर जाड सुई द्या आणि टाके सुईच्या टोकावर न ठेवता जाड भागावर सरकवायला शिकवा. सुटलेला टाका दिसला की आधी सेफ्टी पिन लावायची आणि मग क्रोशाच्या सुईने तो शिडीसारखा वर आणायचा. डावखुऱ्या मुलांना समोर बसवून शिकवा, शेजारी नको, समोरून त्यांना आरशात बघितल्यासारखं दिसतं आणि लगेच जमतं. तास संपला की सुयांच्या टोकांवर खोडरबर खोचायचे, म्हणजे टाके पण सुटत नाहीत आणि बसमध्ये कुणाला टोचत पण नाही.

हे सरावाचे तुकडे उसवू नका, पुढे नव्या मुलांना दाखवायला लागतात.

५. टोपी, आडवी विणलेली

टोपी म्हटलं की गोल सुया, टाके कमी करणं असलं काय काय डोळ्यापुढे येतं. आपण ते काहीच करायचं नाही. आपली टोपी आडवी विणायची, म्हणजे खरं तर एक आखूड मफलरच.

टाके ३४ घाला. जाड लोकर आणि ६ नंबरच्या सुया असतील तर रुंदी साधारण २० सेंटीमीटर येते, ही झाली टोपीची उंची. आता सगळ्या ओळी सुलट विणत जायचं. किती ओळी हे सांगतच नाही, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. पट्टी लावून मोजा: २ ते ५ वर्षांच्या पोरासाठी ४४ सेंटीमीटर लांबी, ६ ते १० वर्षांसाठी ४७. डोक्याचा घेर यापेक्षा चार-पाच सेंटीमीटर जास्त असतो, पण सगळं सुलट विणलेलं कापड त्या दिशेने चांगलं ताणतं आणि टोपी डोक्याला धरून बसते. मापाने चाललं की एखाद्याचा टाका सैल असो की घट्ट, टोपी होतेच, म्हणून नवशिक्यांना हीच पद्धत द्यावी.

रंग बदलायचा असेल तर फक्त ओळीच्या सुरुवातीला बदला. पट्टे उभे येतात आणि छान दिसतात, उरलेली लोकर पण खपते.

लांबी झाली की टाके बंद करा, सैल हाताने. शेपूट एक फूटभर ठेवून तोडा. मग सुरुवातीची आणि शेवटची कड जोडून बोथट टोकाच्या जाड सुईने शिवा, नळी तयार होते. नळीच्या एका तोंडाला दुहेरी लोकर टाक्याटाक्यातून ओवून घट्ट ओढा, परत एकदा फिरवा, आतून गाठ मारा आणि उरलेलं टोक पाच-सहा सेंटीमीटर विणीतून ओवून मगच कापा. गाठीजवळ कापलेली टोपी दोन धुण्यात उसवते. ही शिलाई मुलांना जमते, पण ओढून गाठ मारायचं काम मोठ्यांनी एकदा तपासावं.

आठवड्याला दोन तास धरले तर ऑगस्टच्या सुरुवातीला विणायला घेतलेली टोपी सहामाही परीक्षेच्या आधी होते. जी मुलं भराभर विणतात ती दुसरी घेतात, जी मागे राहतात त्यांचा तुकडा आजीने पूर्ण केला तरी चालतो, याच्यावरून क्लबात भांडणं लावू नका.

दवाखान्यासाठी विणत असाल तर

नवजात बाळांच्या टोप्यांचा नियम वेगळा. कमी वजनाच्या बाळाच्या डोक्यातून बरीच उष्णता जाते, म्हणून कांगारू पद्धतीत बाळ आईच्या छातीशी ठेवतात तेव्हा अंगावर टोपी, मोजे आणि लंगोट एवढंच असतं. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडत होते त्यातून ही पद्धत निघाली. या टोप्या मऊ बेबी लोकरीच्या किंवा सुती, बारीक सुयांवर, घेर ३० सेंटीमीटरच्या आसपास. पण आधी वॉर्डच्या सिस्टरना विचारा, काही ठिकाणी बाहेरची वस्तू घेतच नाहीत आणि ते बरोबरच आहे. शिकाऊ मुलांकडून हे पहिल्या वर्षी करून घेऊ नका.

६. धुणं, खुणा, वाटप

सगळ्या टोप्या एकत्र धुवा, पिळू नका, सपाट पसरून वाळवा. लटकवल्या तर लांबतात. आतून शिलाईपाशी रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला, लहान मापाला लाल आणि मोठ्याला पिवळा असं काहीतरी, वाटताना अंधारात पिशवी उपसत बसावं लागत नाही.

वाटायला कधी जायचं ते मुकादमाला, म्हणजे तोडीची टोळी आणणाऱ्याला, विचारून ठरवा. पहाटे आणि दिवसभर लोक फडात असतात, संध्याकाळी कोपीवर आल्यावर स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी बरं पडतं. बॅनर, नारळ, प्रमुख पाहुणे हे सगळं शाळेत ठेवा, तिकडे नको. रांगेत उभं करून फोटो तर नकोच. त्यातली काही पोरं उद्या तुमच्याच शाळेत येऊन बसणार असतात आणि पेपरात आलेला तो फोटो वर्गातल्या सगळ्यांनी बघितलेला असतो. टोप्या आईच्या हातात द्या किंवा रंग समोर ठेवून पोरांना निवडू द्या, ती निवडायला बराच वेळ घेतात.

जानेवारीत अंगणवाडी ताईंना एक फोन करा आणि विचारा की टोप्या डोक्यावर दिसतात का, कुठे उसवल्या, कुणाला लहान झाल्या. जे कळेल ते वहीत लिहून ठेवा, पुढच्या जूनमध्ये टाके किती घालायचे ते त्यावरूनच ठरवायचं.