बंद केबिन उघडताना झाडू आधी नको

अमेरिकेच्या पश्चिम भागात, डोंगरातली हिवाळाभर बंद असलेली केबिन उघडली की फडताळात, गादीखाली उंदरांच्या लेंड्या सापडू शकतात. कोकणातलं बंद घर उघडल्यावर आपण जे करतो तेच इथेही हातून होतं: आधी झाडू. कृपा करून थांबा.

1993 साली न्यू मेक्सिको-ॲरिझोनाच्या भागात धडधाकट तरुण माणसं श्वास कोंडून दगावली, तेव्हा ‘सिन नॉम्ब्रे’ हा हंताविषाणू उजेडात आला. डीअर माऊस या उंदराच्या लघवीत, लेंड्यांत आणि लाळेत तो असतो. वाळलेली घाण झाडली की धूळ उडते आणि ती आपल्या श्वासातून आत जाते. 2012 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबूवजा केबिनमध्ये राहिलेल्या पर्यटकांना लागण झाली, तेव्हा उंदरांची घरटी दुहेरी भिंतींच्या पोकळीत निघाली होती.

पहिलं काम: दारं-खिडक्या सताड उघडा आणि अर्धा तास बाहेरच थांबा.

मग रबरी हातमोजे घाला. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं मिश्रण त्याच वेळी बनवा. त्यात अमोनियाचा क्लीनर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. लेंड्या, घरटं, मेलेला उंदीर, जे असेल ते या पाण्याने चिंब भिजवा. जोराचा फवारा मारू नका, हलक्या हाताने ओता. पाच मिनिटं तसंच राहू द्या. घाईत हीच पाच मिनिटं गाळली जातात आणि खरं काम तर तीच करतात.

आता कागदी टॉवेलने टिपून घ्या, दुहेरी पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. जमीन ओल्या फडक्याने पुसा. व्हॅक्यूम क्लीनरही नको, तोसुद्धा धूळच उडवतो. चादरी गरम पाण्यात धुवा. हातमोजे काढण्याआधी साबणाने धुवा, काढल्यावर हात.

पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही उंदीर शिरतो. अशी भोकं स्टीलच्या काथ्याने बुजवा.

नंतरचे एक ते आठ आठवडे लक्ष ठेवा. ताप, मांड्या-कंबर-पाठीत ठणका, आणि काही दिवसांनी खोकला, धाप. हंताविषाणूवर नेमकं औषध नाही, वेळेवर मिळालेला ऑक्सिजन आणि अतिदक्षता विभागातले उपचार जीव वाचवू शकतात. म्हणून डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिल्याच वाक्यात सांगा: “मी उंदरांची घाण साफ केली होती.”